तो हा नव्हेच

ब्रूस ली वारला तेव्हा आमचे तात्या मद्रासला नव्हते. ते पोचले त्याच्या पुढच्या वर्षी, 1974 च्या उन्हाळ्यात, विट्याजवळच्या आमच्या गावातून, पत्र्याची एक पेटी आणि मामाच्या दुकानाचा पत्ता घेऊन. "जिता हुता तवा चार पिक्चर. मेल्यावर लई काम केलं गड्यानं," असं ते आजही गंभीर चेहऱ्याने सांगतात. ऐकणारा हसतो, पण हिशेब बरोबर आहे. मोठेपणी नायक म्हणून ब्रूस लीने पुरे केलेले सिनेमे चारच. 'द बिग बॉस' 1971 चा, 'फिस्ट ऑफ फ्युरी' आणि 'वे ऑफ द ड्रॅगन' 1972 चे, आणि चौथा 'एंटर द ड्रॅगन'. हा चौथा अमेरिकेत लागला ऑगस्ट 1973 मध्ये, आणि त्याच्या महिनाभर आधी, 20 जुलैला, हाँगकाँगमध्ये मेंदूला सूज येऊन ब्रूस ली गेलेला होता. वय 32. सिनेमा जगभर धो धो चालला आणि जगभरचे वितरक हाँगकाँगला तारा करू लागले, की आणखी पाठवा.

माल संपलेला आणि गिऱ्हाईक दारात, अशा वेळी व्यापारी काय करतो हे मद्रासच्या साहुकारपेटेतल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

खानापूर, आटपाडी, तासगाव हा आमचा पट्टा दुष्काळी. रानात पिकेना म्हणून इथली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरली आणि देशभर पसरली. कुठल्याही मोठ्या शहरातल्या सराफ बाजारामागच्या बोळात शिरलात तर गलाईच्या भट्टीपाशी आमच्याकडचा कुणीतरी भेटतोच. मद्रासमध्ये ती जागा म्हणजे साहुकारपेट, आणि साहुकारपेटेचा कणा म्हणजे मिंट स्ट्रीट, इंग्रजांच्या टांकसाळीवरून नाव पडलेला रस्ता. मामांचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची अंधारी खोली. भट्टी, मूस, सांडशी, तेजाबाच्या बरण्या. सराफांच्या पेढीवरून झाडून आणलेली धूळ, जळकी जर, तुटकी फुली, सगळं त्या खोलीत यायचं आणि त्यातून दाण्याएवढं सोनं बाहेर पडायचं. तात्यांचं पहिलं वर्ष धूर खाण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी मामांनी हातात कसोटी दिली. काळा, गुळगुळीत, पाण्यातून काढल्यासारखा दगड. त्यावर सोन्याची रेघ ओढायची, रेघेवर तेजाबाचा थेंब सोडायचा आणि बघत राहायचं. अस्सल असेल तर रेघ हलत नाही. तांबं जास्त असेल तर हिरवट फेस येतो आणि रेघ डोळ्यांदेखत विरून जाते.

हा दगड ज्याच्या हातात बारा-बारा तास असतो, तो थिएटरातही तोच डोळा घेऊन बसणार.

मिंट स्ट्रीटवर तेव्हा मुरुगन टॉकीज होतं. जुनं नाव किनेमा सेंट्रल. पहिला तमिळ बोलपट म्हणून ज्याचं नाव घेतात तो 'कालिदास' 1931 मध्ये तिथेच लागला होता, आणि गंमत म्हणजे तो बनला होता मुंबईत, आर्देशिर इराणींच्या इंपीरियल कंपनीत. त्याच रस्त्यावर रघुपती वेंकय्यांचं जुनं क्राउन थिएटर. रविवारी भट्टी बंद. मामांच्या हाताखालची चार पोरं खोबरेल चोपडून, धुतलेले लेंगे घालून निघायची. तमिळ धड येत नव्हतं, इंग्रजी मुळीच नाही. अशा पोरांना मारामारीच्या सिनेमाइतका सोयीचा सिनेमा दुसरा नाही. त्यात संवाद कुणी ऐकत नव्हतं. अमेरिकन कंपन्यांशी असलेला आयातीचा करार 1971 ला संपून 1975 पर्यंत रखडला होता, त्यामुळे हॉलिवूडचा नवा माल तेव्हा तुटपुंजाच यायचा. पडदा भरायला मिळेल ते चालत होतं.

कुठला सिनेमा कुठे पाहिला हे तात्यांना आता सांगता येत नाही. पण एक दृश्य ते न चुकता सांगतात. भिंतीवर पोस्टर, त्यावर उघडा ब्रूस ली, बरगडीवर नखांचे तीन ओरखडे, खाली मोठ्या अक्षरात नाव. आत गेलं, अंधार झाला, नायक पाठमोरा उभा. वळला. आणि पुढच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "अवन इल्लडा!" तो नाही रे हा! थिएटर खदखदून हसलं. तात्यांना कळलेलं हे पहिलं अख्खं तमिळ वाक्य. पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कुणीही उठलं नाही. पैसे परत मागितले नाहीत. नायकाने पहिली लाथ मारली तेव्हा शिट्ट्याही पडल्या.

त्या वळलेल्या माणसाचं नाव बहुतेक हो चुंग-ताओ असावं. तैवानचा, अंगाने चपळ, चेहऱ्याने थोडासा ब्रूस लीसारखा. निर्मात्यांनी त्याला 'ब्रूस ली' करून टाकलं, फक्त आडनावाचं रोमन लिपीतलं स्पेलिंग बदलून. ही युक्ती पोस्टरवर लांबून दिसत नाही आणि कोर्टात जवळून दाखवता येते. त्याच्या मागोमाग रांगच लागली. ब्रह्मदेशात जन्मलेला ह्वांग किन-लुंग हा 'ब्रूस ले' झाला, कोरियाचा एक पोरगा 'ड्रॅगन ली' झाला, मग ब्रूस लाय, ब्रूस थाय. 1975 च्या 'गुडबाय ब्रूस ली' मध्ये तर कथाच अशी, की मेलेल्या ताऱ्याचा अर्धवट सिनेमा पुरा करायला त्याच्यासारखा दिसणारा पोरगा शोधतात. चोरी लपवायची नाही, उलट तिचीच पटकथा करायची! 1977 च्या 'द ड्रॅगन लिव्ह्ज अगेन' मध्ये ब्रूस ली यमलोकात जातो आणि तिथे त्याला ड्रॅक्युला, जेम्स बाँड आणि पालक खाणारा पॉपाय भेटतात. 1980 च्या 'द क्लोन्स ऑफ ब्रूस ली' मध्ये एक शास्त्रज्ञ मेलेल्या ब्रूस लीच्या पेशींपासून तीन ब्रूस ली तयार करतो, आणि ती तीन कामं करतात ब्रूस ले, ड्रॅगन ली आणि ब्रूस लाय हे नकलीच. हे मी तात्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. "म्हंजे त्यास्नी ठावं हुतं," ते म्हणाले.

नकली ओळखायची त्यांची खूण चेहऱ्याची नव्हती. चष्मा, केस, नाकाला अंगठा पुसायची लकब, मांजरासारखी किंकाळी, हे सगळे आणतात. "पाय बघायचं," ते सांगतात. "खरा हुता तो मारायच्या आधी पायावर नाचायचा. हे समदे मारल्यावर नाचायचे." मी नंतर जुन्या फिती लावून पाहिल्या. तात्या कुठल्याही समीक्षकापेक्षा बरोबर आहेत.

खुद्द ब्रूस लीचे सिनेमे काढणाऱ्या कंपनीनेही यात हात धुऊन घेतले. 'गेम ऑफ डेथ' त्याने 1972 मध्ये सुरू केला होता आणि 'एंटर द ड्रॅगन' साठी अर्ध्यावर सोडला होता. पिवळा पोशाख घातलेला तो आणि समोर सात फुटांहून उंच करीम अब्दुल जब्बार, ही लढाई त्यातलीच. गोल्डन हार्वेस्टने ती फीत बाहेर काढली, रॉबर्ट क्लाउझला नवी गोष्ट रचायला सांगितली आणि 1978 मध्ये सिनेमा लावला. ब्रूस लीने स्वतः केलेल्या लढायांतलं जेमतेम अकरा मिनिटांचं काम त्यात आलं, तेही शेवटी. बाकीचा वेळ बदली माणसं काळे चष्मे लावून, दाढ्या चिकटवून, अंधारात फिरतात. एका प्रसंगी आरशासमोर बसलेल्या बदली माणसाच्या चेहऱ्याच्या जागी ब्रूस लीचा कापलेला फोटो सरळ चिकटवलेला दिसतो. गोष्टीत नायक मेल्याचं सोंग करतो, म्हणून अंत्ययात्रा हवी होती. ती त्यांनी खरीच वापरली, हाँगकाँगमधली गर्दी, फुलं, शवपेटी आणि काचेखालचा चेहरा. गोष्टीतल्या नायकाला शूटिंग चालू असताना खऱ्या गोळीने जखमी करतात. पंधरा वर्षांनी ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन अशाच एका सेटवर बंदुकीने मेला. या योगायोगावर लोकांनी पुस्तकं लिहिली. मला त्यात शाप वगैरे दिसत नाही. निष्काळजीपणा दिसतो.

मद्रासमध्ये मात्र मेलेल्या नायकाचा धंदा निराळ्या रीतीने झाला, आणि तो समजायला ब्रूस ली पुरत नाही, तमिळ पडद्याचे नायक आणि पुढे मुख्यमंत्री झालेले एम.जी.आर. लागतात.

साहुकारपेटेत मामांच्या वरच्या मजल्यावर घरमालकांची आई राहायची. सगळे तिला पाट्टी म्हणायचे, म्हणजे आजी. तिच्या देवघरात मुरुगनच्या शेजारी एम.जी.आर. होते, फरची पांढरी टोपी आणि काळा चष्मा यांच्यासकट. तिने तात्यांना जे सांगितलं ते तात्यांनी आम्हाला, आणि मध्ये कुठे काय वाढलं कोण जाणे. की लहानपणी ते उपाशी नाटक कंपनीत वाढले. की 1967 च्या जानेवारीत एम. आर. राधा नावाच्या नटाने त्यांच्यावर गोळी झाडली, गळ्यात पट्टी बांधलेल्या फोटोवर मतं मिळाली आणि खाटेवरूनच ते निवडून आले. आवाज मात्र कायमचा घोगरा झाला. हे इथवर सगळं खरं आहे. गोळी त्यांच्या आत गेली ती वितळून गेली, हे पाट्टीचं.

तात्यांचा एम.जी.आर. यांच्यावर जीव जडला तो लाठीमुळे. गावाकडे आमच्या तालमीत लाठी, बोथाटी, दांडपट्टा फिरवायचे, आणि तमिळ मुलखात त्याच जातीचं सिलंबम. 1971 च्या 'रिक्षाकारन' मध्ये रिक्षावरून काठी फिरवणारे एम.जी.आर. 54 वर्षांचे होते. "पोट सुटल्यालं, पर मनगट खोटं न्हवतं," हा तात्यांचा निकाल. 1973 च्या मे महिन्यात त्यांचा 'उलगम सुट्रुम वालिबन' लागला. ओसाकाचं एक्स्पो, हाँगकाँग, बँकॉक असं फिरून चित्रित केलेला सिनेमा. सत्ताधारी पक्षाशी त्यांचं राजकीय भांडण विकोपाला गेलं होतं आणि पोस्टरांवर सरकारने कर चढवला होता, म्हणून म्हणे त्यांनी पोस्टर न लावताच तो लावला. मद्रासला पूर्वेकडच्या मारामारीची चटक लागायच्या बेतात होती. नंतर ती लागली ती अशी, की गल्लीगल्लीत कराटेचे वर्ग निघाले, पडद्यावर 'कराटे' मणी आले आणि पुढे 'कराटे' त्यागराजन नावाचे गृहस्थ शहराचे उपमहापौरसुद्धा झाले. आमच्या आतेभावाने मोडक्या काठीचे दोन तुकडे कुलपाच्या साखळीने जोडले आणि पहिल्याच फेऱ्यात स्वतःचा कान फोडून घेतला.

24 डिसेंबर 1987 ला एम.जी.आर. गेले. भट्टी बंद, रस्ते बंद, दूध बंद. पाट्टीने आठवडाभर चूल पेटवली नाही, वरच्या मजल्यावर काकूच डबा द्यायची. मरीनाच्या वाळूत समाधी झाली आणि लवकरच बातमी पसरली, की समाधीच्या दगडाला कान लावला तर मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. पुढच्या उन्हाळ्यात आमची आजी मद्रासला गेली होती. तिने एम.जी.आर. यांचा एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. तात्यांनी तिला समाधीवर नेलं, रांगेत उभं केलं, तिने पदर सावरून दगडाला कान टेकला आणि मोठ्याने म्हणाली, "येतंय की ऐकू!" मागच्या रांगेतल्या बायकांना मराठी कळत नव्हतं, पण अर्थ पोचला. दोघी तिच्या पाया पडल्या.

अशा गावात नकली एम.जी.आर. घेऊन सिनेमा काढायची कुणाची हिंमत नव्हती. हुबेहूब दिसणारे लोक होते, आजही आहेत. पक्षाच्या सभेत भर उन्हात फरची टोपी आणि चष्मा घालून ते हात हलवत उभे असतात. पण ते सभेपुरते. पडद्यावर खराच हवा. मग खरा कुठून आणायचा? गोदामातून. दिग्दर्शक श्रीधर 'अण्णा नी एन दैवम' नावाचा सिनेमा एम.जी.आर. यांना घेऊन करत होते. 1977 मध्ये नायक मुख्यमंत्री झाला आणि सिनेमा तिथेच थांबला. ती फीत भाग्यराज यांनी उचलली, तिच्याभोवती स्वतःची नवी कथा गुंफली, स्वतः दुहेरी भूमिका केली आणि 1990 मध्ये 'अवसर पोलीस 100' लावला. भाग्यराज म्हणजे ऐरागैरा नव्हे. एम.जी.आर. यांनी त्यांना आपला कलेतला वारस म्हणून जाहीर केलं होतं, आणि 1989 मध्ये गुरूच्या नावाने एक पक्षही त्यांनी काढून पाहिला होता. पाठोपाठ 1991 मध्ये जेप्पियार यांनी अशाच जुन्या फितीवर 'नल्लदै नाडु केट्कुम' उभा केला.

पाट्टी तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. तात्यांनी तिला 'अवसर पोलीस 100' ला रिक्षाने नेलं. तेरा वर्षांपूर्वीचे एम.जी.आर. पडद्यावर आले, थिएटरात कापूर पेटला, नाणी उधळली गेली. ते गेले आणि भाग्यराज आले की बायका गप्पा मारू लागायच्या, मुलांना बाहेर नेऊन आणायच्या. पुन्हा ते आले की पुन्हा सगळं शांत. प्रेक्षकांनी सिनेमा दोन भागांत विभागून टाकला होता, नैवेद्य निराळा आणि पत्रावळ निराळी. परत येताना तात्यांनी विचारलं, कसा वाटला? पाट्टी म्हणाली, गोष्ट काही कळली नाही, पण तब्येत चांगली दिसली त्यांची.

तिला कुणी फसवलं, असं मला म्हणता येत नाही. पुढच्या बाकावरच्या त्या ओरडणाऱ्यालाही नाही. 'तो मी नव्हेच' नाटकातल्या लखोबाला कोर्टात उभं करायला आपल्याला मजा येते, कारण त्याने बायकांना खरोखर लुबाडलेलं असतं. इथे लुबाडला गेलेला माणूस शोधायला गेलं तर प्रेक्षक सापडत नाही, मेलेला तर तक्रारीच्या पलीकडे. मग उरतो कोण? उरतो तो वळलेला माणूस.

हो चुंग-ताओने त्याच्या नावावर ब्रूस ली चिकटवलेले कितीतरी सिनेमे केले. पुढे पुढे त्याचं काम चांगलं होत गेलं, आणि तेच त्याचं दुर्दैव, कारण ते कुणाच्या खात्यावर जमा झालं ते उघड आहे. शेवटी सिनेमा सोडून तो तैवानात मुलांना कसरत शिकवायला लागला. 'गेम ऑफ डेथ' मधल्या बदली माणसांपैकी एक कोरियाचा किम ताय-चुंग. 1986 मध्ये 'नो रिट्रीट, नो सरेंडर' नावाच्या सिनेमात त्याला पुन्हा काम मिळालं. काम होतं ब्रूस लीच्या भुताचं. आमच्या मद्रासमध्ये के. पी. रामकृष्णन हे एम.जी.आर. यांचे अंगरक्षक आणि पडद्यावर त्यांच्या जागी उड्या मारणारे. दुहेरी भूमिकेत पाठमोरा एम.जी.आर. दिसला तर ती पाठ बऱ्याचदा त्यांची. तात्या हे ऐकून गप्प झाले. साहुकारपेटेत विट्याच्या, जोधपूरच्या, सुरतेच्या सगळ्यांना एकच नाव असतं, 'सेट'. पन्नास वर्षं तात्यांना त्या नावाने हाका मारल्या गेल्या. दुकानाच्या पाटीवर मामांचंच नाव होतं.

तात्यांच्या कहाण्यांत एक आणखी आहे आणि ती त्यांनी कुणा सिलंबम शिकवणाऱ्या वस्तादाकडून उचलली. ब्रूस लीच्या गुरूच्या गुरूच्या गुरूला कुंग-फू शिकवलं ते कांचीपुरमच्या एका राजपुत्राने, म्हणजे बोधिधर्माने. म्हणजे माल मुळात आपलाच! 2011 मध्ये ए. आर. मुरुगदास यांनी 'एळाम अरिवु' मध्ये सूर्याला बोधिधर्म करून ही कहाणी तमिळ घराघरांत नेली. इतिहासात तिचा धागा फार बारीक आहे. बोधिधर्म दक्षिण भारतातून आल्याची नोंद जुन्या चिनी ग्रंथांत आहे, तशी त्याला इराणचा म्हणणारी त्याहून जुनी नोंदही आहे. पण त्याने शाओलिनच्या भिक्षूंना व्यायाम शिकवल्याची गोष्ट थेट सतराव्या शतकातल्या एका पोथीत येते, म्हणजे त्याच्या मागे हजारहून जास्त वर्षांनी. तो पोथीवालाही शेवटी एका मेलेल्या माणसाच्या नावावर आपला माल खपवत होता. हे तात्यांना सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या खेपेला नातवाला पुन्हा तीच कहाणी सांगितली, राजपुत्राला एक पांढरा घोडा जोडून.

रजनीकांतचा विषय निघाला की मात्र कहाणी लागत नाही, अभिमान पुरतो. शिवाजीराव गायकवाड, बंगळूरच्या मराठी घरातला कंडक्टर. 1983 च्या 'पायुम पुली' मध्ये तो मारामारीची विद्या शिकून सूड घेतो. साहुकारपेटेतल्या गलाईवाल्यांनी तो भाऊबंदाचं लग्न असल्यासारखा पाहिला. याच माणसाच्या नावाने मद्रास उच्च न्यायालयात एक महत्त्वाचा निकाल लागला. मुंबईच्या एका कंपनीने 'मैं हूँ रजनीकांत' नावाचा सिनेमा काढला. 2015 मध्ये कोर्टाने तो रोखला आणि त्याचं नाव बदलावं लागलं. शिवाजीराव गायकवाड विरुद्ध वर्षा प्रॉडक्शन्स. नाव, चेहरा, चालण्या-बोलण्याची ढब ही ज्याची त्याची, ती परवानगीवाचून विकता येणार नाही. पण हा हक्क सांगायला माणूस जिवंत लागतो. 2021 मध्ये जयललितांच्या भाचीने त्यांच्यावरच्या 'तलैवी' या सिनेमाविरुद्ध दाद मागितली तेव्हा त्याच कोर्टाने सांगितलं, की माणसाचा खासगीपणाचा हक्क त्याच्याबरोबर संपतो, तो घरादारासारखा वारसांकडे जात नाही. मेला हत्ती सव्वा लाखाचा, पण सातबारा कुणाच्या नावावर, ते अजून ठरायचंय.

दरम्यान बदली माणसाचीही गरज सरत चालली आहे. 2014 च्या 'कोचडैयान' मध्ये पाच वर्षांपूर्वी वारलेले नट नागेश हिंडले-फिरले, तेव्हा हालचालींसाठी रमेश खन्ना नावाचा नट उभा करावा लागला होता आणि आवाजासाठी नकलाकार. 2024 च्या 'लाल सलाम' मध्ये ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज संगणकाकडून गाऊन घेतले, घरच्यांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. त्याच वर्षी विजयच्या 'द ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम' मध्ये विजयकांत आले. डिसेंबर 2023 मध्ये गेलेले विजयकांत, ज्यांना लोक काळे एम.जी.आर. म्हणत आणि भिंतीवर पाय देऊन उलट फिरत मारलेल्या लाथेसाठी ज्यांचे सिनेमे दोन-दोनदा बघत. त्यांच्या पत्नीची संमती घेतलेली होती. सिनेमा लागायच्या आधी त्यांच्या पक्षाने जाहीर करून टाकलं होतं, की विचारल्यावाचून कुणी त्यांना पडद्यावर आणू नये.

तात्या आता विट्याला असतात. नातवाने त्यांना तो तुकडा फोनवर दाखवला. त्यांनी चेहरा ओळखला, "कॅप्टन," म्हणाले. गेल्याचं त्यांना माहीत होतं, म्हणून मग विचारलं, हे कसं केलं. नातवाने समजावलं, घरच्यांना विचारून केलंय हेही सांगितलं.

"ते झालं चेहऱ्याचं," तात्या म्हणाले. "खाली अंग कुनाचं हाय?"

नातू शोधायला लागला. चेहऱ्याबद्दल ढीगभर बातम्या मिळाल्या, संमतीबद्दल, तंत्राबद्दल, थिएटरातल्या शिट्ट्यांबद्दल. अंगाबद्दल त्याला काही सापडेना. तात्यांनी तेवढ्यात फोन त्याच्या हातातून काढून घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि तो तुकडा पुन्हा सुरू केला, या खेपेला पायांकडे बघायला.